बावन्न

सिंकच्या डाव्या हाताचा तिसरा खण. त्यात रबरबँड, संपलेल्या बॅटऱ्या, दुकानांची सवलतीची कुपनं, बाटल्या उघडायचं एक गंजकं ओपनर आणि सगळ्याच्या तळाशी एक जाड तपकिरी पाकीट. 1995 च्या ऑगस्टमध्ये मी अमेरिकेतल्या जॉर्जिया विद्यापीठात संख्याशास्त्र शिकायला अथेन्सला आलो आणि ज्या घरात खोली भाड्यानं घेतली, त्या घराच्या स्वयंपाकघरातला हा खण. एकदा कात्री शोधताना ते पाकीट माझ्या हाती आलं. घरमालकांनी ते माझ्याकडून हळूच काढून घेतलं आणि म्हणाले, "ते राहू दे. ते शत्रूचं आहे."

शत्रू म्हणजे स्टीव्ह स्परियर. फ्लोरिडा विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल संघाचा कोच. त्या दशकात जॉर्जियाच्या माणसाच्या इतकं जिव्हारी लागणारं दुसरं नाव नव्हतं. त्याच्या आडनावाची मोडतोड करून लोक त्याला 'सुपीरियर' म्हणायचे. कुणी सैतानी डोक्याचा म्हणायचे. तो व्हायजर घालायचा, म्हणजे नुसता पुढचा छज्जा असलेली, टाळू उघडी ठेवणारी टोपी. त्याच्या क्वार्टरबॅकनं, म्हणजे बॉल फेकणाऱ्या मुख्य खेळाडूनं, चूक केली की ती टोपी डोक्यावरून निघायची आणि जमिनीवर आपटली जायची. आमच्या घरमालकांना ती टोपी टीव्हीवर नुसती दिसली तरी कपाळाला आठ्या पडत.

आणि त्या पाकिटात त्याच माणसाचे टोमणे होते. वर्तमानपत्रांतून कापलेले, कडा सरळ, कोपऱ्यात पेन्सिलीनं तारीख. टपाल खात्यात उभा जन्म काढलेल्या माणसानं पत्रं लावावीत तसे ते वर्षांप्रमाणे लावलेले होते.

मला हे विचित्र वाटलं नाही. मी कोल्हापूरचा, मंगळवार पेठेतला. शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालीम, प्रॅक्टिस क्लब, दिलबहार, शिवाजी तरुण मंडळ यांच्या मॅचेस बघत वाढलेला. आमच्याकडे फुटबॉल पायानं खेळतात, तिकडे हातानं फेकतात आणि बगलेत धरून पळतात, एवढा फरक सोडला तर बाकी सगळं मला ओळखीचं होतं. मॅचच्या दिवशी घरातलं जेवण लवकर उरकणं, विरुद्ध पेठेच्या रंगाचा शर्ट त्या दिवशी अंगावर न चढवणं, हरल्यावर दोन दिवस चौकात न जाणं. कोल्हापुरात याला ईर्षा म्हणतात. पुस्तकी मराठीत त्या शब्दाचा अर्थ मत्सर असेल. आमच्या पेठेत तो अभिमानानं उच्चारायचा शब्द आहे. 'मॅच ईर्षेनं झाली' ही तिथली सगळ्यात मोठी पावती.

अथेन्सला शनिवारी मॅच असली की सकाळपासून सगळं गाव लाल-काळं व्हायचं. झाडांखाली तंबू, शेगड्या, धूर, आजोबांपासून तान्ह्या बाळापर्यंत सगळ्यांच्या अंगावर एकच रंग. विद्यापीठाच्या पोरांचा खेळ बघायला 86 हजारांचं सॅनफर्ड स्टेडियम भरायचं. मैदानाच्या कडेनं छाटलेलं हिरवं कुंपण होतं, आपल्याकडे बंगल्यांभोवती मेंदीचं असतं तसं. त्या कुंपणाच्या आतली जागा म्हणजे तिथल्या लोकांचं देवघर. जिंकल्यावर जुन्या चॅपलमागची घंटा वाजवायची, हा तिथला रिवाज. दोरी एकच, रांग लांबलचक, आणि रात्री उशिरापर्यंत घणघण चालू.

स्परियरनं नेमकं काय उलथवलं, हे कळायला त्या भागाची खेळण्याची रीत माहीत हवी. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जायचं, की पुन्हा चार प्रयत्न मिळतात. असं करत बॉल प्रतिस्पर्ध्याच्या टोकाला न्यायचा, की टचडाउन. दक्षिणेतले जुने कोच हे काम मुसंडी मारून करायचे. बॉल पोटाशी धरा, घुसा, तीन-चार यार्ड कमवा, पुन्हा घुसा. बॉल हवेत फेकला की तीन गोष्टी होऊ शकतात आणि त्यातल्या दोन वाईट, असं ते मानत. स्परियर 1990 मध्ये स्वतःच्याच जुन्या विद्यापीठात, गेन्सव्हिलला कोच म्हणून परतला आणि त्यानं बॉल हवेत ठेवला. पहिल्या प्रयत्नाला फेक, तिसऱ्याला फेक, आघाडीवर असतानाही फेक. फ्लोरिडाच्या खात्यावर तोवर साउथईस्टर्न कॉन्फरन्सचं, म्हणजे दक्षिणेतल्या विद्यापीठांच्या साखळी स्पर्धेचं, एकही अधिकृत विजेतेपद नव्हतं. त्यानं 12 वर्षांत 6 मिळवून दिली. एकूण 122 विजय, 27 पराभव, 1 बरोबरी. आपल्या स्टेडियमला त्यानं 'दलदल' असं नाव दिलं. दलदलीतून जिवंत बाहेर पडते ती फक्त सुसर, हे त्याचं म्हणणं. फ्लोरिडाच्या संघाचं चिन्हच ॲलिगेटर, तेव्हा ते नाव चिकटलं ते कायमचं.

जॉर्जिया आणि फ्लोरिडा यांची मॅच दरवर्षी जॅक्सनव्हिलला, दोघांचंही नसलेल्या मैदानावर, व्हायची. 1994 आणि 1995 या दोन वर्षी तिथलं स्टेडियम नव्यानं बांधलं जात होतं, म्हणून एक वर्ष गेन्सव्हिल आणि पुढचं वर्ष अथेन्स असं ठरलं. त्यामुळे 28 ऑक्टोबर 1995 ला, मला अमेरिकेत येऊन तीन महिनेही झाले नसताना, स्परियर आमच्या कुंपणाच्या आत आला.

मी विद्यार्थ्यांच्या बाकांवर होतो. मला नियम अर्धेमुर्धे कळत होते. पण एखादा संघ दुसऱ्याला खेळवतोय, हे कळायला नियम लागत नाहीत. शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर ते लहानपणीच शिकलो होतो. चौथ्या भागात फ्लोरिडाचे 45 झाले होते आणि आमचे 17. वेळ थोडा उरला होता. अशा वेळी रिवाज असा, की पुढे असलेल्या संघानं बॉल पोटाशी धरून घड्याळ संपवायचं. हरणाऱ्याची लाज राखायची. फ्लोरिडाचा राखीव क्वार्टरबॅक मैदानात होता. माझ्या शेजारची पोरं बाटल्या-टोप्या गोळा करून निघायच्या तयारीत होती. आणि त्यानं बॉल फेकला. टचडाउन. 52.

स्टेडियममध्ये जी शांतता झाली ती अजून माझ्या कानात आहे. आरडाओरडा झाला असता तर बरं वाटलं असतं. ती शांतता घरात चोर शिरल्याचं कळल्यावर होते तशी होती.

नंतर स्परियरनं कारण सांगितलं. यांच्या घरी येऊन यांच्यावर अर्धं शतक कुणी ठोकलेलं नाही असं कानावर आलं होतं, म्हणून आम्हाला ठोकायचं होतं. एवढंच. लपवाछपवी नाही, 'मुलांना सराव हवा होता' असली मखलाशी नाही.

रविवारी सकाळी घरमालक स्वयंपाकघरातल्या टेबलाशी पेपर उघडून बसले होते. आदल्या दिवशी त्यांनी नेहमीसारखा टीव्हीचा आवाज बंद करून रेडिओ लावला होता, कारण जॉर्जियाची मॅच लॅरी मन्सनच्या घोगऱ्या आवाजाशिवाय ऐकणं त्यांना पाप वाटायचं. त्यांनी ते अर्ध्या शतकाचं वाक्य वाचलं. चेहरा लाल झाला. पेपर खाली ठेवला, पुन्हा उचलला, पुन्हा वाचला. मग ते उठून सिंककडे तोंड करून उभे राहिले आणि मला पाठीमागून त्यांचे खांदे हलताना दिसले. ते हसत होते. बराच वेळ. वळले तेव्हा डोळ्यांत पाणी होतं आणि त्यातलं किती हसण्याचं होतं हे मला सांगता येणार नाही. त्यांनी तिसरा खण उघडला, कात्री घेतली आणि तो तुकडा कापला.

त्या दिवशी त्यांनी मला अख्खं पाकीट दाखवलं.

सगळ्यात वर जॉर्जियावरचं एक होतं. स्परियर म्हणत होता की मला एक कळत नाही. भरतीच्या मोसमात सगळे मोठमोठे खेळाडू जॉर्जिया घेऊन जाते असं आपण वाचतो. मग मॅच खेळायची वेळ येते तेव्हा मोठे खेळाडू आमच्याकडे कसे असतात? त्या मुलांचं मधल्या काळात होतं तरी काय? मी हसलो आणि लगेच गप्प झालो, पण घरमालकच म्हणाले, "हस. ते खरं आहे म्हणून जास्त लागतं." त्या वर्षीच्या जॉर्जियाच्या कोचचा स्परियरविरुद्ध हा सलग सहावा पराभव होता आणि मोसम संपल्यावर त्यांना जावं लागलं.

फ्लोरिडा स्टेट विद्यापीठाच्या काही खेळाडूंना दलालांनी दुकानात नेऊन फुकट बूट दिल्याचं प्रकरण उघडकीस आलं होतं. त्या विद्यापीठाच्या नावाची आद्याक्षरं एफ-एस-यू. स्परियरनं त्याचा विस्तार 'फ्री शूज युनिव्हर्सिटी' असा करून टाकला. ऑबर्न विद्यापीठाच्या वसतिगृहातल्या ग्रंथालयाला आग लागून वीस पुस्तकं जळाली, तर हा भर सभेत म्हणाला की खरी शोकांतिका अशी की त्यातल्या पंधरा पुस्तकांत अजून रंग भरायचे राहिले होते. पुढे दोनेक वर्षांनी टेनेसीवरचा टोमणा त्या पाकिटात आला. कॉन्फरन्समध्ये दुसऱ्या क्रमांकावर राहणाऱ्याच्या वाट्याला बहुधा ओरलँडोची सिट्रस बोल ही मोसमाअखेरची मॅच यायची, आणि फ्लोरिडाकडून हरून टेनेसी तिथे जायची. टेनेसी विद्यापीठाची आद्याक्षरं यू-टी. स्परियर म्हणाला, यू आणि टी घातल्याशिवाय 'सिट्रस' लिहिताच येत नाही.

यातला एकही टोमणा दुबळ्याला मारलेला नाही, हे माझ्या तेव्हाच लक्षात आलं होतं. जॉर्जिया, टेनेसी, फ्लोरिडा स्टेट, ऑबर्न. ज्यांच्या पोतडीत करंडक आहेत, ज्यांची स्टेडियमं भरतात, जे उद्या त्याला पाडू शकतात, त्यांनाच तो डिवचायचा. आणि पाडलंही त्यांनी. 1994 मध्ये फ्लोरिडा स्टेटविरुद्ध तो शेवटच्या भागाच्या सुरुवातीला 31-3 असा पुढे होता आणि मॅच 31-31 अशी सुटली. वर सांगितलेली एकमेव बरोबरी ती हीच. 1998 मध्ये टेनेसीनं त्याला जादा वेळेत 20-17 हरवलं आणि त्याच वर्षी राष्ट्रीय विजेतेपद पटकावलं. टोमणे मारणाऱ्याला हरल्यावर सव्याज परत मिळतं. ते तो घेत राहिला आणि पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा माइकसमोर उभा राहून नवा टोमणा मारत राहिला.

आमच्या कोल्हापुरात विरुद्ध तालमीचे एक आप्पा होते. पांढरं धोतर, काळी टोपी, कुंपणाच्या जाळीला दोन्ही हातांनी धरून उभे. आमच्या सेंटर फॉरवर्डनं बॉल बारवरून मारला की त्यांचा खणखणीत आवाज यायचा, "बॉल आणाय रंकाळ्याला मानूस धाडा रं!" सगळं स्टेडियम हसायचं. माझे थोरले चुलते त्यांना शिव्या घालायचे आणि रात्री जेवताना तेच वाक्य घरच्यांना पुन्हा पुन्हा सांगायचे, आवाजासकट. एका मोसमात आप्पा जाळीशी दिसले नाहीत. दोन मॅचेस झाल्या. तिसऱ्या दिवशी माझे चुलते सायकल काढून त्यांच्या पेठेत गेले, जिथे ते एरवी पाऊल टाकत नसत. परत आल्यावर एवढंच म्हणाले, "गुडघा धरलाय. पुढच्या महिन्यात येतील." त्यांच्या चेहऱ्यावर जी निश्चिंती होती ती मी विसरलेलो नाही.

मला वाटतं, आपल्याला नेमकं बोचेल असं बोलायला आपला अभ्यास लागतो. आपली मर्मं कुठं आहेत हे ठाऊक असावं लागतं. आप्पांना आमच्या सेंटर फॉरवर्डची प्रत्येक चाल पाठ होती. ज्याला आपली पर्वा नाही तो आपल्यावर एवढा वेळ घालवत नाही. स्परियरला जॉर्जियाची पर्वा होती, आणि ती कुठून आली हेही मला घरमालकांकडूनच कळलं.

1966. स्परियर फ्लोरिडाचा क्वार्टरबॅक होता. टेनेसीतल्या जॉन्सन सिटीत वाढलेला, एका प्रेस्बिटेरियन पाद्र्याचा मुलगा. त्या वडिलांची एक गोष्ट तिकडे सांगतात. ते मुलांच्या बेसबॉल संघाचेही कोच. त्यांनी पोरांना विचारलं, जिंकण्या-हरण्याला महत्त्व नाही, खेळलात कसे ते महत्त्वाचं, असं कुणाकुणाला वाटतं? काही हात वर झाले. त्यांना म्हणाले, गणवेश परत करा. गुण मोजत असतील तर जिंकायचा प्रयत्न करायचा असतो. असल्या घरातला हा मुलगा. त्या वर्षी ऑबर्नविरुद्ध मॅच बरोबरीत असताना त्यानं स्वतःच 40 यार्डांवरून किक मारून ती 30-27 अशी जिंकून दिली. देशातल्या सर्वोत्तम महाविद्यालयीन खेळाडूचा हाइझमन करंडक त्या वर्षी त्यालाच मिळाला. फ्लोरिडा हरली नव्हती. आणि नोव्हेंबरात जॅक्सनव्हिलला जॉर्जियानं त्याला 27-10 असं लोळवलं.

घरमालक त्या मॅचला होते. तिशीचे होते, नवं लग्न झालेलं, बायकोला घेऊन गाडीनं गेले होते. त्या दिवसाची गोष्ट ते मला महिन्यातून एकदा तरी सांगायचे. उत्तरार्धात जॉर्जियाच्या पोरांनी त्याला कसा घेरला, त्याचे फेकलेले बॉल आमच्या पोरांनी कसे मधल्यामध्ये पळवले. गोष्ट नेहमी उत्तरार्धापासून सुरू व्हायची. "ते तो कधी विसरला नाही," असं म्हणून ते थांबायचे. "आम्ही पेरलं ते आम्हीच कापतोय."

फ्लोरिडाचा कोच असताना 12 मॅचेसपैकी 11 त्यानं जॉर्जियाविरुद्ध जिंकल्या. हरला ती एकच, 1997 मध्ये, 37-17. आदल्या मोसमात फ्लोरिडा स्टेटला 52-20 हरवून तो राष्ट्रीय विजेता झाला होता, त्यामुळे त्या विजयाची नशा अथेन्सला आठवडाभर उतरली नाही. मी तोवर नोकरीला अटलांटाला गेलो होतो. त्या रात्री घरमालकांचा फोन आला. बोलले कमी, श्वासच जास्त ऐकू आला. "स्कोअर कापून ठेवला?" मी विचारलं. म्हणाले, "नाही. त्या पाकिटात त्याचंच बोलणं ठेवतो." पाकिटाचा हा नियम मला त्या दिवशी कळला.

2001 च्या मोसमानंतर त्यानं फ्लोरिडा सोडली आणि व्यावसायिक फुटबॉलमध्ये वॉशिंग्टनच्या संघाकडे गेला. दोन मोसमांत 12 जिंकल्या, 20 हरल्या. अथेन्सला यावर जल्लोष व्हायला हवा होता. तसा तो झालेला मला तरी दिसला नाही. महाराष्ट्र मंडळाच्या दिवाळीला भेटणारी जॉर्जियाची आमची चार-सहा माजी विद्यार्थी मंडळी होती, तीसुद्धा तो विषय काढताना आवाज खाली आणायची. आपल्याला एवढा छळणारा माणूस दुसऱ्या कुणाकडून असा सहज हरावा, हे कुणालाच पटत नव्हतं.

2005 मध्ये तो परतला, साउथ कॅरोलायनाचा कोच होऊन. म्हणजे पुन्हा दरवर्षी जॉर्जियाशी गाठ. साउथ कॅरोलायनाला वर्षानुवर्षं हरायची सवय. तिथे त्यानं 2010 मध्ये पहिल्या क्रमांकाच्या अलाबामाला 35-21 हरवलं आणि 2011 पासून सलग तीन मोसमांत प्रत्येकी 11 विजय मिळवले. जॉर्जियाची मॅच पूर्वी मोसमाच्या सुरुवातीलाच असायची, 2012 मध्ये ती ऑक्टोबरात गेली. त्याला विचारलं, तर म्हणाला, दुसऱ्याच आठवड्यात त्यांच्याशी खेळायला मला आवडायचं, कारण तोवर त्यांचे दोन-तीन मुख्य खेळाडू निलंबित असणार याची खात्री असायची. वय 67. धार तीच. ऑक्टोबरातली ती मॅचही त्यानं 35-7 जिंकली.

पण माझ्या मनात त्या वर्षांतलं दुसरंच काही जास्त घर करून आहे. 2007 मध्ये साउथ कॅरोलायनाच्या राजधानीत, कोलंबियात, त्यानं जाहीरपणे सांगितलं की राज्य विधानभवनाच्या आवारात फडकणारा कॉन्फेडरेट झेंडा, म्हणजे अमेरिकेच्या यादवी युद्धात गुलामीच्या बाजूनं लढलेल्या दक्षिणेतल्या राज्यांचा झेंडा, खाली उतरायला हवा. साउथ कॅरोलायनात, ज्यांच्या देणग्यांवर कोचचा पगार निघतो त्यांच्यातल्या अनेकांना हा झेंडा प्रिय असताना, हे बोलायची त्याला काही गरज नव्हती. झेंडा उतरला तो आठ वर्षांनी, जुलै 2015 मध्ये, चार्ल्स्टनच्या चर्चमध्ये नऊ माणसं मारली गेल्यानंतर. आणि 2011 मध्ये कॉन्फरन्सच्या बैठकीत त्यानं प्रस्ताव मांडला की प्रत्येक मॅचमागे 70 खेळाडूंना 300-300 डॉलर द्यावेत, आणि ते कोचांनी स्वतःच्या खिशातून द्यावेत. ही पोरं सगळ्यांना कोट्यवधी कमावून देतात आणि त्यांच्या आईबापांना मॅचला यायला पैसे नसतात, हे त्याचं साधं म्हणणं. प्रस्ताव पुढे गेला नाही. मी स्वतः शिकवणी-सहायकाच्या तुटपुंज्या मानधनावर त्या देशात दोन वर्षं काढली आहेत, त्यामुळे हे वाचताना मला त्या कोचबद्दल जे वाटलं त्याला नाइलाजाचा आदर म्हणता येणार नाही. तो निखळ आदर होता.

ही दोन्ही कात्रणं मी अथेन्सला गेलो तेव्हा पाकिटात पाहिली. त्यात जॉर्जियाचं नावही नव्हतं. मी घरमालकांकडे पाहिलं. त्यांनी खण बंद केला आणि कॉफी टाकली.

19 सप्टेंबर 2015 ला मी माझ्या मुलीला घेऊन सॅनफर्ड स्टेडियमला गेलो. ती चौदा वर्षांची होती. संध्याकाळची मॅच. मैदानाच्या पलीकडच्या कडेला तो उभा होता, 70 वर्षांचा, व्हायजर डोक्यावर. मी तिला बोटानं दाखवला. ती म्हणाली, "हे तर कुणाचे तरी आजोबा दिसतात." जॉर्जियाच्या क्वार्टरबॅकनं त्या दिवशी 25 फेकींपैकी 24 अचूक पोचवल्या, इतक्या फेकी करून एवढी अचूकता महाविद्यालयीन फुटबॉलमध्ये त्याआधी नोंदलेली नव्हती. संघ थांबतच नव्हता. शेवटी फळ्यावर आकडे लागले, 52-20.

बावन्न. त्याच मैदानात. सभोवती माणसं एकमेकांना सांगत होती, वीस वर्षं वाट पाहिली, आज फेड झाली. मीही उभा राहून ओरडलो, घसा बसेपर्यंत. मग दोन्ही कोच मैदानाच्या मध्यावर हस्तांदोलन करायला निघाले आणि मला त्याची चाल दिसली. पूर्वीसारखी तरातरा नव्हती. मी ओरडायचा थांबलो. मुलीनं विचारलं, "बाबा, काय झालं? आपण जिंकलो ना?" आम्ही चॅपलकडे गेलो, रांगेत उभे राहिलो. तिनं दोरी दोन्ही हातांनी धरून, पायाची बोटं उचलून सगळा भार टाकला. घंटा वाजली आणि ती मागे वळून हसली.

13 ऑक्टोबरला, मोसम अर्ध्यावर असताना, स्परियरनं राजीनामा दिला. त्याच्या संघानं सहापैकी चार मॅचेस हरल्या होत्या.

त्या शनिवारी मी अथेन्सला गेलो. घरमालक तेव्हा 79 वर्षांचे. बायको जाऊन चार वर्षं झालेली. घर तेच, खण तोच. टेबलावर पेपर होता, राजीनाम्याची बातमी वर. शेजारी कात्री पडलेली. पण त्यांनी काही कापलं नव्हतं. मी चहा केला. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग त्यांनी 1966 ची गोष्ट काढली, आणि पहिल्यांदाच ती पूर्वार्धापासून सुरू केली.

पूर्वार्धात फ्लोरिडा पुढे होती, हे त्यांनी मला इतक्या वर्षांत कधी सांगितलं नव्हतं. म्हणाले, त्या पोरानं एक बॉल फेकला. आम्ही जॉर्जियाच्या बाजूला बसलेलो, अंगावर लाल. बॉल त्याच्या हातून सुटला आणि मी उभा राहिलो. बायकोनं माझा कोट खाली ओढला. म्हणाली, तो आपला नाही, बस खाली. मला माहीत होतं तो आपला नाही. पण मी बॉल खाली येईपर्यंत उभाच होतो.

सांगता सांगता त्यांनी सांधे धरलेला उजवा हात वर उचलला, खांद्याच्या जेमतेम वर, आणि तो बॉल कसा गेला हे मला दाखवलं.